निघालो महाबळेश्वरला, पोचलो जयगडला

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मुलांना नाताळची सुट्टी, नवऱ्याने कशीबशी चार दिवसांची रजा मिळवलेली, आई-आप्पा मुंबईहून आमच्याकडे पुण्याला आलेले. महाबळेश्वरचं बुकिंग महिनाभर आधी केलं होतं. गुरुवारी सकाळी सहा वाजता गाडीत बॅगा भरून झाल्या आणि साडेसहाला तिकडून फोन आला: खोल्या दोनदा दिल्या गेल्या आहेत, पैसे परत करतो. वर्षाअखेरीला महाबळेश्वरात दुसरी खोली मिळणं शक्यच नव्हतं. मुलांचे चेहरे पडले. बॅगा उतरवायच्या की काय, अशा विचारात आम्ही पार्किंगमध्ये उभे होतो, तेव्हा आप्पा म्हणाले, "समुद्राकडे जाऊ या का? मी तो किनारा रस्त्याने कधी पाहिलेलाच नाही."

"रस्त्याने" हा शब्द मला तेव्हा नीटसा कळला नाही.

पहिला दिवस, गुरुवार

चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. घाटात कडाक्याची थंडी होती. महाबळेश्वरसाठी घेतलेले स्वेटर माणगावपर्यंत अंगावर होते, म्हसळ्याच्या आधीच निघाले आणि पुढचे चार दिवस आप्पांच्या पाठीमागे उशी म्हणून लागले.

मुक्काम दिवेआगरला, कारण सातव्या फोनला तिथे एका घरगुती निवासात दोन खोल्या मिळाल्या. दिवेआगर म्हणजे सुवर्णगणेशाचं गाव. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत सोन्याचा मुखवटा निघाला. २०१२ मध्ये दरोडा पडला, मंदिराचे दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा वितळवला गेला. पुढे २०२१ मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर येऊन आदळलं होतं. आमच्या यजमानांची सुपारीची वाडी त्या एका दुपारीत झोपली. "नारळ-सुपारी पोरासारखी वाढवावी लागते," ते म्हणाले. नव्या रोपांमधून आम्हाला हिंडवताना प्रत्येक झाडाला ते हात लावत होते. रोपं आता माझ्या लेकीच्या उंचीच्या वर गेली आहेत, पण वाडीत वर बघितलं की अजून आभाळ फार दिसतं. जुन्या वाडीत ते दिसत नसे.

संध्याकाळी त्यांनी पोपटी लावली. रायगड जिल्ह्याबाहेरच्या माणसाने हिवाळ्यात इथे यावं ते यासाठी. शेताच्या बांधावर वाढलेला भांबुर्ड्याचा पाला मडक्याच्या तळाशी दाबून बसवला. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ आणि ओवा. मांसाहारी पोपटीत अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी असते, आमच्यासाठी शाकाहारी होती. तोंडाशी पुन्हा पाला कोंबला, मडकं उपडं केलं, भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ लावला. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. अर्ध्या तासाने यजमानीणबाईंनी मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, तो चर्र करून उडाला, "झाली," म्हणाल्या. मडकं केळीच्या पानावर पालथं केल्यावर जो वास आला तो ओवा, धूर आणि ओल्या मातीचा मिळून होता. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात राहतात. माझा धाकटा घरी वालाला हात लावत नाही. त्याच्यापुढे सालांचा ढीग झाला.

जाळ विझत असताना माडांच्या मागून चंद्र वर आला. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. यजमानांनी विचारलं, उद्या कुठे? हरिहरेश्वर, असं आम्ही म्हणताच ते म्हणाले, "मग पहाटे निघा. उद्या तृतीया. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. प्रदक्षिणा तेव्हाच."

आप्पा ताठ बसले. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..." साठ-पासष्ट वर्षांपूर्वी गिरगावातल्या शाळेत पाठ केलेली पाऊणकी त्यांनी न अडखळता दहापर्यंत म्हटली. धाकटा आ वासून ऐकत होता. पाढे अपूर्णांकाचेही असतात हे त्याला माहीत नव्हतं. ते समुद्रासाठी असतात असा त्याचा तेव्हापासून समज आहे, आणि मी तो दुरुस्त करणार नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी अशा गावांवरून जातो आणि बराच वेळ समुद्राला अक्षरशः चिकटून चालतो. सूर्य डाव्या हाताच्या डोंगरामागे होता. पाणी राखाडी, मग फिकट निळं, मग एकदम चमकणारं होत गेलं. गाडीत कोणी बोलत नव्हतं.

शेखाडीला आप्पांनी गाडी थांबवायला सांगितली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरवलं होतं. आप्पा तेव्हा फोर्टात नोकरीला होते. १२ मार्चला शेअर बाजारात स्फोट झाला तेव्हा त्यांच्या कचेरीच्या काचा फुटल्या आणि ते गिरगावपर्यंत चालत घरी आले. मी तेव्हा लहान होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात काचेचा चुरा होता एवढंच मला आठवतं. ते पाच मिनिटं पाण्याकडे बघत उभे राहिले. खाली कोळणी मासळी वाळत घालत होत्या. "गाव किती शांत आहे," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं, पहिल्या भट पेशव्यांचं गाव. इथली रोठा सुपारी नावाजलेली. आईने पाव किलो घेतली. आम्हाला ओहोटी गाठायची होती, त्यामुळे तिथे थांबणं झालं नाही.

हरिहरेश्वरला रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं. तिथून डोंगराला वळसा घालून प्रदक्षिणेची वाट खाली उतरते. कातळाच्या चिरेतून पायऱ्या जातात, दोन्ही बाजूंना भिंती, समोर उभी निळी पट्टी. खाली उतरलं की लाटांनी तासून सपाट केलेला खडक आणि त्याच्या वरच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रंच छिद्रं. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने शतकानुशतकं पोखरलेली. भरतीच्या वेळी ही सगळी वाट पाण्याखाली जाते, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारी माणसं इथे वाहून गेलेली आहेत. पाट्या लावलेल्या आहेत, तरी आम्ही परत वर येत असताना एक तरुण मंडळी शेवटच्या खडकावर पाठमोरी उभी राहून फोटो काढत होती. आईने त्यांना हाका मारमारून मागे बोलावलं. ती ओळखदेख बघत नाही, आणि अशा वेळी तेच बरोबर असतं.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. फेरीबोटीवर गाडी उलटी चढवावी लागली. खलाशी हाताने "येऊ द्या, येऊ द्या" करत होता आणि नवरा घामाघूम. वर बाणकोटचा किल्ला. खाडीच्या मध्यावर आप्पा कठड्याशी गेले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "नाही. इथे बोट थांबत नव्हती बहुतेक," असं स्वतःशीच पुटपुटले.

तेव्हा सगळी गोष्ट बाहेर आली. आप्पांचं आजोळ जयगडच्या खाडीत होतं. दर मे महिन्यात त्यांची आई त्यांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायची. हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत बोट दक्षिणेला जायची. बोट धक्क्याला लागत नसे, समुद्रातच उभी राहायची, भोंगा व्हायचा आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. पोरांना वरून खाली हातोहात सोडायचे. १९६४ साली आजी गेली आणि जाणं थांबलं. आप्पांनी हा सगळा किनारा पाहिलेला होता, पण पाण्यातून. रस्त्यावरून त्यांना त्यातलं एकही ठिकाण ओळखू येत नव्हतं, आणि ते कालपासून त्यासाठीच खिडकीशी बसले होते. बेचाळीस वर्षांत हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं.

वेळासला जेवलो. नाना फडणविसांचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी ती खणून विकली जात. मादी हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालून जाते, पिल्लं साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी बाहेर येतात, म्हणून बघायला यायचं ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. आमच्या वाट्याला नुसती वाळू आली. लेकीने फेब्रुवारीचं वचन घेतलंच.

रात्री केळशीत राहिलो. जेवणात वालाचं बिरडं आणि नारळाच्या दुधातली सोलकढी. सगळे साडेनऊला झोपले.

तिसरा दिवस, शनिवार

संकष्टी. आईचा उपास, त्यामुळे आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचं हे तिने आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. उजव्या सोंडेचा गणपती आणि देवळाच्या आवारातून दिसणारा सुवर्णदुर्ग. गर्दी होती, पण रांग गोंगाट करणारी नव्हती.

सुवर्णदुर्ग मी तिथून बराच वेळ बघत राहिले. आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतलं, आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. पुढच्याच वर्षी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. भाऊबंदकीपायी आपण स्वतःचा समुद्र परक्याच्या हाती दिला. शाळेत हे दोन ओळींत संपतं. त्या कड्यावरून, खालच्या एवढ्या मोठ्या पाण्याकडे बघताना मात्र ते आत कुठेतरी दुखतं.

दुपार मुरूडला काढली, महर्षी कर्व्यांच्या गावी, आणि चार वाजता हर्णै बंदरात उतरलो. लिलाव सुरू झाला होता. होड्यांमधून टोपल्या किनाऱ्यावर येत होत्या, सुरमई, हलवा, पापलेट, कोळंबी वाळूवरच ओळीने मांडलेली. एक बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कानात सोन्याच्या कुड्या, सुरमईच्या एका वाट्यासमोर उकिडवी बसली होती. बोली चढत होती आणि ती आकडा तोंडाने न सांगता नुसती हनुवटी उचलत होती. तीन वेळा उचलली, चौथ्यांदा मान फिरवली. समोरच्याने आणखी शंभर वाढवले, तशी तिने एक बोट सुरमईवर ठेवलं. सौदा झाला. एका शब्दाविना. लेक म्हणाली, "आई, हिला सगळे घाबरतात." घाबरत नसावेत, तिचा हिशोब कधी चुकत नाही हे त्यांना माहीत असावं.

दाभोळला पोचेपर्यंत सात वाजून गेले. वाशिष्ठीच्या खाडीवरची फेरीबोट धोपाव्याला नेते. ही फेरी आहे म्हणून बरं, नाहीतर गुहागरला जायला चिपळूणचा मोठा वळसा. अंधारात पाणी काळं होतं, पलीकडे थोडे दिवे. आप्पा पुन्हा कठड्याशी. या वेळी त्यांनी हवा हुंगली. "हा वास," म्हणाले. मला डिझेल आणि चिखलाचा वास येत होता.

गुहागरात खोलीच नव्हती. एका ठिकाणी एका खोलीचे जे पैसे सांगितले त्यात आमचा महाबळेश्वरचा सगळा मुक्काम झाला असता. मी चिडले. वर्षाअखेर आहे हे कबूल, पण बरोबर म्हातारी माणसं आणि पेंगुळलेली मुलं दिसत असताना भाव तिप्पट करणं हे कोकणच्या रीतीला धरून नाही. शेवटी एका वाडीतल्या घराने सांगितलं, "खोल्या भरल्यात, पण माजघरात गाद्या घालू, चालेल का?" आई अंगणात उभी राहून चंद्राची वाट बघत होती. नऊ वाजून गेल्यावर तो पोफळींच्या वर आला. घरच्या बाईंनी ते पाहिलं, काही न विचारता आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या: वरण-भात, तूप, दोन उकडीचे मोदक. त्यांच्याकडेही संकष्टी होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माजघरात, रांगेने, सहाजण झोपलो. माझ्या मुलांची अशी ती पहिलीच रात्र, आणि त्यांना खोलीपेक्षा तीच आवडली.

चौथा दिवस, रविवार

सकाळी व्याडेश्वर, मग सुरूच्या बनातून समुद्र. पालशेत, वेळणेश्वर. वाटेत आंब्याला मोहोर फुटायला लागलेला. यंदा थंडी वेळेवर पडली म्हणून बागायतदार खुशीत होते, आता ढगाळ हवा येऊ नये एवढंच मागणं. मोहोरावर ढग आले की तुडतुडे येतात.

हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीलाच. धाकट्याने सकाळपासून हिशोब करून ठेवला होता: "पाच पाऊण पावणेचार!" साडेतीनला आम्ही घळीशी होतो. खडकात पडलेली एक अरुंद, खोल भेग. लाट तोंडाशी येते, क्षणभर काहीच होत नाही, मग आतून ढोलावर थाप पडावी तसा आवाज, आणि पाणी माणसाच्या कितीतरी वर फवाऱ्यासारखं उसळतं. प्रत्येक लाटेला नाही, चार-पाच लाटांनंतर एखादी. ती कोणती हे धाकटा ओळखू बघत होता. चार वाजेपर्यंत त्याला तीनदा जमलं.

मग तवसाळ. शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. सव्वापाचची वेळ असेल. बोटीवर गाड्या लागल्या, रॅम्प उचलला, इंजिनाची धडधड सुरू झाली. ३१ डिसेंबरचा सूर्यास्त जवळ आलेला, त्यामुळे बोटीवरचं झाडून सगळं माणूस समुद्राच्या बाजूला मोबाइल घेऊन उभं होतं. आम्हीही.

आप्पा तिथे नव्हते. ते दुसऱ्या टोकाला, सूर्याकडे पाठ करून, खाडीच्या आतल्या बाजूला तोंड करून उभे होते. मी जवळ गेले. त्यांनी उजवा हात हळूच बाजूला लांब केला, न बघता, अंधारात भिंत चाचपावी तसा. त्या दिशेला जयगडचा किल्ला होता.

"किल्ला उजव्या हाताला," ते म्हणाले. "पडाव आत शिरला की आई सांगायची, किल्ला उजव्या हाताला आला, आता रडू नको." समोर खाडीतल्या टेकड्या एकीमागे एक फिकट होत गेल्या होत्या. जयगडच्या बाजूला आता वीजप्रकल्पाची उंच चिमणी आहे, मोठ्या बंदराच्या क्रेन आहेत. ते काहीही त्यांना अडत नव्हतं. "ती दोन कुबडांची टेकडी. तिच्या मागून होडीने दोन तास." चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काही ओळखलं होतं.

आजोळच्या गावी जायचं का, असं नवऱ्याने विचारलं. आता तिथे रस्ता आहे, अर्ध्या तासात पोचू. आप्पांनी मान हलवली. घर विकून साठ वर्षं झाली, रस्त्याने गेलं तर काय ओळखणार, असं म्हणाले. कोणी आग्रह केला नाही.

जयगडात एका घरी खोली मिळाली. नववर्षाचे फटाके वाजले तेव्हा आम्ही गाढ झोपलो होतो.

पाचवा दिवस, सोमवार

परत निघायचं होतं. चिपळूण, कुंभार्ली घाट, पुणे, आणि मंगळवारी सगळ्यांची कामं. सामान गाडीत भरलं तरी आप्पा आणि धाकटा दिसेनात. आई शांतपणे चहा पीत होती. "पहिल्या फेरीने पलीकडे गेलेत. येतील त्याच बोटीने परत."

आम्ही जेटीवर जाऊन थांबलो. धुकं होतं, तवसाळची बाजू दिसत नव्हती, नुसता इंजिनाचा आवाज पाण्यावरून येत होता. मग बोट दिसली. दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन घेतलेला एक माणूस, आणि पुढच्या बाजूला हे दोघे, महाबळेश्वरचे स्वेटर घालून.

रॅम्प टेकला. धाकटा धावत आला.

"मध्ये गेल्यावर आजोबा म्हणाले, आता समुद्राकडे पाठ कर."

"मग?"

त्याने उजवा हात बाजूला लांब केला.